स्नायूंचा आनुवंशिक आजार आणि ऑपरेशनची भूल : खानदेशातल्या कुटुंबांनी आधी काय करायचं

तालुक्याच्या गावातल्या बहुतेक खासगी दवाखान्यांत भुलीचे डॉक्टर कायमचे नसतात. सर्जनचा फोन गेला की ते येतात, एका सकाळी दोन-तीन ठिकाणच्या केसेस करतात, आणि पेशंटशी त्यांची पहिली भेट अनेकदा टेबलाजवळच होते. निरोगी माणसाचं यात सहसा काही बिघडत नाही. पण ज्या घरात स्नायूंचा आजार आहे, किंवा पूर्वी कुणाला भुलीत काही विपरीत झालं आहे, त्या घरासाठी ही पद्धत धोक्याची ठरते. तिथे औषधं बदलावी लागतात, मशीन साफ करून घ्यावं लागतं, कधी दवाखानाच बदलावा लागतो. हे दहा मिनिटांत होत नाही. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे : माहिती भुलीच्या डॉक्टरांपर्यंत काही दिवस आधी आणि कागदावर पोचवायची. सर्जनला सांगितलं म्हणजे झालं, असं समजू नका.

आधी धोका ओळखा

‘स्नायूंचा आजार’ म्हटलं की सगळं एकाच टोपलीत टाकलं जातं. भुलीच्या दृष्टीने यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची खबरदारी दुसरीला पुरत नाही.

पहिली मॅलिग्नंट हायपरथर्मिया. इथे माणूस एरवी धडधाकट असतो, शेतात राबतो, पोहतो, कबड्डी खेळतो. दोष असतो तो स्नायूपेशीतल्या कॅल्शियमच्या दारात. बहुतेक घरांत तो आरवायआर-१ या जनुकातून येतो. भुलीचे वायू (हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन) किंवा स्कोलिन म्हणजे सक्सिनिलकोलीन हे इंजेक्शन मिळालं की ते दार उघडं राहतं. स्नायू आखडतात, ऑक्सिजन भराभर खातात, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकतात, आणि पेशी फुटून पोटॅशियम रक्तात येतं. आईवडिलांपैकी एकाकडे हा दोष असला तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते. १९६० साली मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली, ती पाय मोडलेल्या एका तरुणामुळे. मोडलेल्या पायापेक्षा त्याला भुलीची भीती जास्त होती, कारण इथरच्या भुलीत त्याचे दहा नातेवाईक दगावले होते. घरच्यांच्या आठवणीतूनच हा आजार वैद्यकाला कळला, आणि आजही तो बहुतेक वेळा तसाच कळतो.

‘याआधी एकदा पूर्ण भूल दिली होती, काही झालं नाही’ हा दिलासा इथे चालत नाही. दोष असलेल्या माणसाला पहिल्या-दुसऱ्या वेळी काहीच न होता पुढच्या वेळी झटका येऊ शकतो.

दुसरी ड्युशेन आणि तिच्यासारख्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारे आजार. ड्युशेन मुख्यतः मुलग्यांना होते आणि आईच्या बाजूने उतरते. मूल दीड वर्षानंतर चालू लागतं, पोटऱ्या जाड दिसतात, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत वर येतं. या मुलाला स्कोलिन दिलं तर स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकतं. निदान न झालेल्या लहान मुलग्यांत असे प्रकार घडल्यामुळेच मुलांना स्कोलिन सरसकट देऊ नये, असा इशारा १९९० च्या दशकात त्या औषधावर आला. भुलीचे वायूही यांच्यात टाळलेले बरे. हा मॅलिग्नंट हायपरथर्मिया नव्हे. दिसायला सारखा, पण इथे पहिला घात पोटॅशियमचा असतो.

तिसरी मायोटोनिक डिस्ट्रॉफी, आणि हिच्यावर जरा थांबायला हवं, कारण ती सगळ्यात जास्त निसटते. मूठ घट्ट आवळल्यावर पटकन उघडत नाही. पुढचे केस लवकर जातात, चेहरा बारीक आणि मरगळलेला दिसतो, दिवसा झोप येते, चाळिशीच्या आतबाहेर मोतीबिंदू होतो. अशा माणसाला घरात ‘आळशी’ म्हणतात, दवाखान्यात कुणी नेत नाही. पिढीगणिक आजार लवकर आणि जोरात दिसतो : आजोबांना फक्त मोतीबिंदू, वडिलांची मूठ अडकते, नातू जन्मतःच लुळा. भुलीत यांचा त्रास वेगळा. स्कोलिन दिलं की जबडा आणि छाती आखडून नळी घालणं अवघड होतं. गुंगीची आणि मॉर्फिनसारखी दुखणं थांबवणारी औषधं नेहमीच्या मात्रेतही जास्त परिणाम करतात. पेशंट जागा होतो, वॉर्डात जातो आणि काही तासांनी श्वास मंदावतो. थंडीने आणि कुडकुडण्याने स्नायू आणखी अडकतात. शिवाय हृदयाच्या विद्युतप्रवाहात अडथळा असू शकतो. म्हणून मोतीबिंदूचं शिबिर, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, दाढ काढणं ही ‘किरकोळ’ कामं यांच्यासाठी किरकोळ नाहीत. तिथे थोडीशी गुंगी देतात, पण नंतर रात्रभर नजर ठेवायला कुणी नसतं.

चौथी गोष्ट स्नायूंची नाहीच, पण घरच्यांच्या तोंडून ती तशीच ऐकू येते : ‘ऑपरेशन झालं, तरी चार तास हातपाय हलले नाहीत, मशीनवर ठेवलं.’ स्कोलिन मोडणारं स्यूडोकोलिनेस्टरेज हे द्रव्य रक्तात जन्मतः कमी असलं की पाच-दहा मिनिटांचं औषध काही तास टिकतं. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात हा दोष जास्त आढळल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे एक गोंधळ हमखास होतो. कपाशीवरच्या फवारणीतली ऑरगॅनोफॉस्फेट औषधंही हेच द्रव्य दाबून टाकतात. म्हणून विषबाधेच्या केसमध्ये कोलिनेस्टरेज कमी आलं तर त्यावरून आनुवंशिक दोष ठरवू नका. माणूस पूर्ण बरा झाल्यावर, फवारणीपासून दूर असताना तपासणी पुन्हा करा. मात्र फवारणीची बाधा झालेल्या कुणालाही स्कोलिन लांबतंच, एवढं ध्यानात असू द्या.

पायरी १ : घरातली हकीकत गोळा करा

दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या लिहा. आपल्याकडे वडिलांच्या बाजूची वंशावळ पाठ असते, आईच्या बाजूची नसते. ड्युशेनसाठी नेमके मामा आणि मावशीची मुलं महत्त्वाची. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर तेही लिहा. काही लिंब-गर्डल (खांदे-कंबरेचे स्नायू दुबळे करणाऱ्या) प्रकारांना दोन्हीकडून दोष लागतो आणि नात्यातल्या लग्नात तो जुळून येतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘मॅलिग्नंट’ वगैरे विचारून उपयोग नाही. त्यांच्या बोलीत विचारा : ‘तुमना घरमा कोनले भूल देवावर काही तरास व्हयना व्हता का?’ उत्तरं ‘औषध बाधलं’, ‘ताप डोक्यात गेला’, ‘टेबलावरच गेला’, ‘दातखीळ बसली’ अशी येतात. मग पुढचं विचारा :

- कोणतं ऑपरेशन, अंदाजे साल, कोणत्या गावी? पूर्ण भूल होती की कमरेत इंजेक्शन?
- त्रास ऑपरेशन चालू असताना झाला की दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशीचा ताप बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचा निघतो. मॅलिग्नंट हायपरथर्मिया भुलीत किंवा भूल संपल्यावर तासाभरात दिसतो.
- अंग लाकडासारखं झालं का? लघवी कोकमासारखी किंवा काळसर झाली का?
- भुलीशिवाय, उन्हात कष्ट केल्यावर किंवा ताप-उपवासात कुणाची लघवी अशी झाली होती का?

शेवटचा प्रश्न जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात विशेष महत्त्वाचा. आरवायआर-१ चा दोष असलेल्या काहींना भुलीशिवायही, उन्हात जोराचं काम केल्यावर स्नायू फुटण्याचा त्रास होतो. पंचेचाळीस अंशांत काम करणाऱ्या कुणाचीही लघवी काळसर होऊ शकते म्हणून घाबरून जाऊ नका, पण एकाच घरात दोघांना तसं झालं असेल तर ते कागदावर यायलाच हवं.

जुने डिस्चार्ज कार्ड, भुलीचा कागद मिळत असतील तर झेरॉक्स काढा. पेशंट सुरतला किंवा नाशिकला ॲडमिट होता असं निघालं तर तिथल्या रेकॉर्ड खात्याला अर्ज करून पाहा.

पायरी २ : तपासण्या, आणि त्यांत होणाऱ्या चुका

सुरुवात साध्या रक्ततपासणीने होते : सीपीके टोटल. स्नायू फुटले की हे द्रव्य रक्तात वाढतं. लॅबवाले पुष्कळदा सीपीके-एमबी करून देतात. ती हृदयाची तपासणी, ती नको. प्रौढांत साधारण दोनशेपर्यंतचा आकडा सामान्य धरतात. ड्युशेनच्या लहान मुलात तो दहा हजारांच्या पुढेही जातो. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल, मूल पडलं असेल, फिट आली असेल किंवा कापूस वेचणीचं जड काम झालं असेल तर आकडा खोटा वाढतो. म्हणून दोन-तीन दिवस विश्रांती झाल्यावरच रक्त द्या. उलट बाजूही आहे : मॅलिग्नंट हायपरथर्मियाच्या घरातल्या माणसाचं सीपीके सामान्य येऊ शकतं. सामान्य आलं म्हणून कागद फाडू नका.

एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं मूल ‘कावीळ’ म्हणून महिनोन्‌महिने लिव्हरच्या औषधांवर राहतं, आणि खरा आजार ड्युशेन असतो, हे वारंवार घडतं. ही दोन्ही द्रव्यं स्नायूंतही असतात. डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन ठीक आहे आणि तरी हे आकडे वाढलेले आहेत, असं असेल तर जीजीटी (हे लिव्हरचं द्रव्य, स्नायूंचं नव्हे) आणि सीपीके करायला सांगा. जीजीटी सामान्य आणि सीपीके प्रचंड, म्हणजे दुखण्याचं मूळ स्नायूंत.

हर्निया, न उतरलेलं अंडकोश, टाच उचलून चालतो म्हणून टाचेमागची शीर सैल करण्याचं ऑपरेशन : यांपैकी काही ठरलं असेल आणि मूल उशिरा चाललं असेल, तर आधी सीपीके. अंगणवाडी-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवलं की पुढचा संदर्भ मिळतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालरोग किंवा मेडिसिन विभागातून सुरुवात करा. ड्युशेनची जनुक-तपासणी रक्तावर होते, सुमारे दोन-तृतीयांश मुलांत जनुकाचा तुकडा गळालेला सापडतो, त्यामुळे स्नायूचा तुकडा काढण्याची घाई नको. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं मुंबईचं केंद्र केईएम रुग्णालयात आहे.

मॅलिग्नंट हायपरथर्मियाची पक्की तपासणी म्हणजे मांडीतला ताजा स्नायू काढून त्यावर कॅफिन आणि हॅलोथेनचा परिणाम पाहणं. ती जगात मोजक्याच ठिकाणी होते. जनुक-तपासणीत दोष सापडला तर निदान पक्कं आणि नातेवाइकांचीही तपासणी सोपी. न सापडला तर ‘नाही’ असं ठरत नाही. घरात झटका आल्याचा भरवसा असेल तर तपासणीची वाट न पाहता सगळ्या रक्ताच्या नात्यांना संशयित धरून भूल देणं हाच शहाणपणा. सुरक्षित औषधं भरपूर आहेत. या सावधगिरीत पेशंटचं काही जात नाही.

भुलीआधी ड्युशेन आणि मायोटोनिक दोन्हीत ईसीजी आणि टू-डी इको हवा. फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजतात ती तपासणीही करा. अपेक्षेच्या निम्म्याहून कमी आली तर ऑपरेशननंतर बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लागू शकतो, आणि मुलाला त्या मास्कची सवय ऑपरेशनच्या आधीच लावून घ्यावी लागते. तीस टक्क्यांच्या खाली असेल तर तालुक्यात ऑपरेशन करूच नये. मुलगा प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट घेत असेल तर गोळी अचानक बंद करायची नाही. भुलीच्या वेळी स्टेरॉइडचा जादा डोस लागतो.

पायरी ३ : कागद करा

सिकलसेलचं कार्ड जवळ बाळगण्याची सवय नंदुरबारकडच्या अनेक घरांना आहे. तसंच एक कार्ड स्वतः करा : आडवं, पाकिटात मावेल असं, लॅमिनेट केलेलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांकडून इंग्रजी मजकूर. ‘भूल चालत नाही’ असं कधीही लिहू नका. ते वाचून कुणी अपघातातही भूल द्यायला कचरेल, किंवा उलट कार्डच बाजूला टाकेल. औषधांची नावं हवीत. मॅलिग्नंट हायपरथर्मियासाठी मजकूर असा :

‘स्कोलिन देऊ नये. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन देऊ नये. चालतात : प्रोपोफॉल, केटामाइन, मिडाझोलाम, फेन्टानिल, नायट्रस ऑक्साइड, अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम, लिग्नोकेन, बुपिव्हाकेन, कमरेतली भूल.’

मायोटोनिकच्या कार्डावर ही ‘चालतात’ची यादी जशीच्या तशी उतरवू नका. तिथे ‘स्कोलिन नको, मिडाझोलाम-फेन्टानिल अगदी कमी मात्रेत, चोवीस तास देखरेख, उबदार ठेवा’ असं हवं. खाली रक्तगट, वजन, घरच्या दोघांचे फोन. कार्डाचा फोटो मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर ठेवा. हायवेवरच्या अपघातात १०८ ची गाडी नेईल तिथे पाकीट उघडलं जाईलच असं नाही, मोबाइल मात्र कुणीतरी पाहतं.

पायरी ४ : दवाखाना आणि तारीख ठरवा

सर्जनना म्हणा, ‘भुलीच्या डॉक्टरांना निदान आठवडाभर आधी भेटायचं आहे.’ भेट झाली की सरळ विचारा : श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मॉनिटर म्हणजे कॅप्नोग्राफ आहे का? तापमानाचा प्रोब? व्हेंटिलेटर आणि रात्रभर आयसीयू? रक्तातले वायू आणि पोटॅशियम रात्री दोन वाजता तपासून मिळेल का? मॅलिग्नंट हायपरथर्मियाच्या झटक्यावरचं औषध, डँट्रोलिन, कुठे आहे?

शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच ठिकाणी शांतता पसरते. हे औषध सगळीकडे मिळत नाही. कमरेतल्या भुलीवर, सुरक्षित औषधांवर होणारं ठरवून केलेलं छोटं ऑपरेशन त्याच्याशिवायही करतात, पण तो निर्णय भुलीच्या डॉक्टरांनी समजून घेतलेला हवा, नकळत झालेला नव्हे. मोठं ऑपरेशन असेल तर जिथे औषध आवारात आहे तिथेच जा.

नंबर सकाळचा पहिला मागून घ्या. मशीन स्वच्छ मिळतं आणि मूल दुपारपर्यंत उपाशी राहत नाही. चरबी किंवा साखर जाळण्यातला दोष असलेल्या स्नायूविकारांत लांबलेला उपास हाच स्नायू फोडतो. त्यांना उपासाच्या काळात ग्लुकोजची सलाईन लावून ठेवायला सांगा.

पायरी ५ : ऑपरेशनच्या दिवशी, दवाखान्यातल्या माणसांसाठी

मशीनवरचे व्हेपोरायझर काढून ठेवा. सोडा लाइम नवा, सर्किट आणि बॅग नवी. मग मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन सोडून मशीन धुवा : जुन्या साध्या मशीनला किमान वीस मिनिटं, नव्या वर्कस्टेशनला दीड तासापर्यंतही, कंपनीच्या पुस्तिकेत वेळ दिलेली असते. नव्या मशीनच्या आतल्या रबर-प्लास्टिकमध्ये वायू मुरून बसतो म्हणून हा फरक. धुतल्यावर प्रवाह कमी करू नका, मुरलेला वायू पुन्हा बाहेर येतो. स्कोलिनची बाटली ट्रेमधून उचलून वेगळ्या कपाटात ठेवा. घाईत हात सवयीने तिथेच जातो.

मायोटोनिक पेशंटला थिएटरचा एसी बंद, सलाईन कोमट, अंगावर पांघरूण. धुळ्या-नंदुरबारकडच्या पौष-माघाच्या थंडीत हे विसरू नका.

झटक्याची पहिली खूण ताप नसते. कॅप्नोग्राफवरचा आकडा श्वास वाढवूनही चढत राहतो, नाडी पळते, जबडा किंवा अंग आखडतं. ताप मागाहून येतो, पण आला की काही मिनिटांत अंशाअंशाने चढतो. अशा वेळी वायू बंद, शंभर टक्के ऑक्सिजन मोठ्या प्रवाहाने, श्वासांची गती वाढवा, सर्जनला ऑपरेशन आवरतं घ्यायला सांगा आणि मदतीला माणसं बोलवा. डँट्रोलिन वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम शिरेतून, खुणा ओसरेपर्यंत पुन्हा. जुन्या पद्धतीच्या बाटलीत २० मिलिग्रॅम असतं आणि ती ६० मिली इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवतात. सलाईन किंवा ग्लुकोज चालत नाही. पन्नास किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला सात बाटल्या फोडाव्या लागतात. पावडर लवकर विरघळत नाही, म्हणून दोन माणसं फक्त बाटल्या हलवायला लावा. पोटॅशियम वाढलं तर कॅल्शियम, ग्लुकोज-इन्सुलिन, सोडा-बायकार्ब. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम डँट्रोलिनबरोबर देऊ नका. थंड सलाईन आणि काखेत-जांघेत बर्फ. ३८ अंशांवर थांबवा, नाहीतर शरीराचं तापमान फार खाली घसरतं. डँट्रोलिन नव्हतं तेव्हा झटका आलेल्यांपैकी बहुतेक दगावत. आज ते वेळेत मिळालं तर बहुतेक वाचतात.

ड्युशेनच्या मुलाचं हृदय अचानक थांबलं तर कारण पोटॅशियम समजूनच छाती दाबणं सुरू ठेवा आणि कॅल्शियम लगेच द्या. रिपोर्टची वाट पाहू नका.

पायरी ६ : नंतरचे दिवस

झटका येऊन गेलेला पेशंट किमान चोवीस तास आयसीयूत हवा. काहींना तो उलटून येतो. लघवीचा रंग नातेवाइकांनी पाहायचा आणि काळसर दिसली की लगेच सिस्टरना दाखवायची. सीपीके काही तासांच्या अंतराने पुन्हा करतात.

ड्युशेन आणि मायोटोनिकमध्ये बोटाला लावलेला सॅच्युरेशनचा आकडा फसवतो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास उथळ असूनही ९८ दिसतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. पेशंट जास्तच झोपाळू वाटला, हाकेला ओ देईना, तर ‘औषधाची गुंगी असेल’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना बोलवून रक्तातले वायू तपासायला सांगा. आणि ड्युशेनच्या मुलाला आठ-पंधरा दिवस खाटेवर ठेवू नका. चालणारं मूल लांबलेल्या अंथरुणात चालणं कायमचं गमावू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने दुसऱ्या दिवसापासूनच उभं करायला फिजिओथेरपिस्ट लागतो.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर या वेळी दिलेल्या भुलीच्या औषधांची नावं लिहून घ्या. काही झालं असेल तर वेळ, तापमान आणि सीपीकेचा सर्वांत मोठा आकडा हवा, आणि काहीच झालं नसेल तर ‘या औषधांनी त्रास नाही’ एवढी ओळ तरी हवी. त्याच्या झेरॉक्स मामा-मावशी, काका-आत्या यांच्या घरी द्या. पुढचं ऑपरेशन त्यांच्यापैकी कुणाचं तरी असू शकतं.